बारा कोयते, चोवीस कार्डे

जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, बीड जिल्ह्यात चौसाळ्याजवळच्या एका गुऱ्हाळावर चोवीस आधार कार्डे ज्यांची होती त्यांच्या हातात परत आली. त्यांपैकी एकोणीस कंपास पेट्यांत ठेवली गेली आणि पाच साबणाच्या डब्यांत. गुऱ्हाळाच्या कागदावर ऊस तोडणारे कामगार बाराच होते.

या कार्डांपर्यंत पोचायला आम्हाला पुण्याहून दोन दिवस लागले. त्याआधी माझी एक चूक झाली होती. ती आधी सांगते.

सुजाता होनराव पुण्यात गूळ, काकवी आणि तिळाच्या लाडवांचा छोटा व्यवसाय चालवतात. कामाला सात जण आहेत. दिवाळीनंतर एका मोठ्या दुकानसाखळीने त्यांचा माल ठेवायची तयारी दाखवली आणि सोबत एक प्रश्नावली पाठवली. तुमच्याकडे किंवा तुम्हाला माल देणाऱ्यांकडे कोणालाही बळजबरीने, अडकवून, कागदपत्रे काढून घेऊन कामाला ठेवलेले नाही याची खात्री करा आणि मग सही करा, असे तिचे सार होते. प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचे मराठी मी केले. तीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर तारांचे आणि बातम्यांचे मराठी केल्यावर हे काम एका दुपारचे वाटले.

अकरावा प्रश्न मी असा लिहिला : ‘आपल्याकडील सर्व कामगार मोकळे आहेत का?’

चौसाळ्याच्या गुऱ्हाळाचे मालक दत्ता बप्पा यांचे उत्तर आले : ‘नाही. एकही मोकळा नाही. सगळे कामात आहेत.’

होनरावबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. मी समोर बसले होते आणि स्पीकर चालू होता.

“अहो ताई, शिजनात मोकळं कोन बसतंय?” बप्पा पलीकडून खो खो हसत होते. “मोकळी मानसं ठिवून मी काय करू, मारुतीच्या पारावर पत्ते खेळू? आन् मानसं मुकादम आनतो. मला त्येचं काय ठावं?”

फोन ठेवल्यावर बाई हसल्या नाहीत. “माझ्या बाबांचा एक नियम होता,” त्या म्हणाल्या. “जिथं आपण जेवलो नाही, तिथला माल घ्यायचा नाही. बप्पांचा गूळ मी दोन वर्षं फोनवर घेतेय. सोमवारी निघू. तू येतेस? प्रश्न तुझाच आहे.”

सोमवार : पाटोदा

जामखेड मागे पडले की दोन्ही बाजूंना शाळू लागतो. जानेवारीत कणसे भरलेली असतात आणि वाऱ्याने सगळे शेत एका दिशेला मान झुकवते. मधल्या गावांतून गाडी जाताना तीन दारांमागे एकाला कुलूप दिसत होते. दिवाळी झाली की इथली निम्मी माणसे ऊस तोडायला जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. एका बंद घराच्या ओट्यावर कोणी तरी तुळशीला पाणी घालत होते. शेजारीण असावी.

पाटोद्यात पोटात कावळे ओरडत होते. स्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला नावाचा पदार्थ मिळाला. पुण्यात चुरमुरे जरा सादळले तरी दुकानदाराला परत करतात. इथे ते मुद्दाम पाण्यातून काढून, पिळून, मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत टाकतात, वर लिंबू. मी दोन बशा खाल्ल्या. बाईंनी तीन खाल्ल्या आणि कृती लिहून घेतली.

होनरावबाईंचा तीळ पाटोद्यातल्या एका आडत दुकानातून येतो. प्रश्नावली म्हटल्यावर तीळवालेही आलेच. दुकानामागच्या शेडमध्ये चार बायका सुपाने तीळ पाखडत होत्या. शेठजींनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि स्वतः बाहेर निघून गेले. होनरावबाईंनी तशी विनंती केली होती. मी वही उघडली आणि अकरावा प्रश्न वाचला.

“तुम्ही मोकळ्या आहात का?”

चारही सुपे थांबली.

“मोकळ्या?” एक जण म्हणाली. “कामाव बसलाव की. दिसत न्हाई व्हय?”

“सांजच्याला सहाला मोकळ्या हुतो. तवा येऊन इच्यारा,” दुसरी म्हणाली.

तिसरीने टोकाच्या, साठीच्या घरातल्या बाईकडे सूप वळवले. “मोकळी व्हायाची हाय ती हिची लेक! मार्च म्हैन्यात!”

शेड हसण्याने भरून गेली. टोकाच्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. बाळंत झालेल्या बाईला ‘मोकळी झाली’ असे माझ्या आजोळीही म्हणत. प्रश्नावलीचे मराठी करताना ते मला आठवले नव्हते. मी वहीत तो शब्द खोडला.

मग बाईंनी प्रश्न हातात घेतला. “समजा उद्या हे काम सोडून दुसरीकडं जायचं म्हटलं, तर जाता येतं का?”

“कावून न्हाई?” टोकाच्या बाई म्हणाल्या. त्यांचे नाव सरूबाई. “मागल्या साली दोन म्हैने बहिनीकडं गेलते. शेठ येवढंच म्हनले, लवकर ये.”

“आणि तुमचं आधार कार्ड? ते कुणाकडं असतं?”

सरूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत प्लॅस्टिकच्या कागदात कार्ड, बाजूला सुपारीचे खांड. “आपलं कार्ड आपल्यापशी. लोकाच्या घरी कशाला आसंल?” असे म्हणून त्यांनी गाठ पुन्हा मारली आणि मारता मारता त्यांचा हात सावकाश झाला. “लेकीचं मातर तिच्यापशी न्हाई.”

लेकीचे नाव मीरा. नवऱ्यासोबत, किसनसोबत, ऊस तोडायला गेलेली. सातवा सरला होता, आठवा लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत पुण्यात आता सोयीनुसार पाळतात. पाटोद्यात ती अजून रीतच आहे.

“चार येळा सांगावा धाडला,” सरूबाई म्हणाल्या. “म्हनती, कार्ड मुकादमापशी हाईत. त्यो देत न्हाई. आन् म्हनती, मी आले तर कोयता मोडतो.”

मी वहीत लिहिले : ‘कोयता मोडतो.’ ऊस तोडायचे हत्यार तुटते, त्याची भरपाई द्यावी लागते, असा अर्थ मी घेतला. ही त्या दिवसातली माझी दुसरी चूक.

“कुठं आहे ती?” बाईंनी विचारले.

“लांब कुठं? हितंच, चौसाळ्यापाशी. दत्ता बप्पाच्या गुऱ्हाळाव.”

होनरावबाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्या गुऱ्हाळाचाच गूळ त्या दोन वर्षे विकत होत्या. पाटोद्याहून तिथपर्यंत गाडीने दीड तास लागत नाही.

निघताना सरूबाई घरी जाऊन एक गाठोडे घेऊन आल्या. डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. “तिला म्हनावं, ये. नसंल येता येत तर लाडू तरी खा म्हनावं. आन् एकटीनं खा. नवऱ्याला निम्मे देती ती, मला म्हाईत हाय.”

मांजरसुंबा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर चार दिशांचे ट्रक एकमेकांना हॉर्न देत थांबतात. धाबे ओळीने आहेत. आम्ही सात वाजता टेबल धरले. बाजरीची गरम भाकरी, येसरची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ, वर्षभर टिकते. आमटीला दाटपणा त्याचाच. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढले. वाढणारा म्हणाला, “पुन्याचं पानी हाय, लगीच येतं.”

शेजारच्या टेबलावर दोन ट्रॅक्टरवाले जेवत होते. त्यांचे बोलणे असे झाले :

“तुझ्या गाडीव किती कोयते हाईत बे?”

“सा.”

“मंग फाट्याव बारा मानसं कावून म्हनलास?”

“सा कोयते म्हंजी बाराच की! नवरा-बायकू एक कोयता. शाळंत गेलतास का न्हाई बे?”

होनरावबाईंनी भाकरीचा घास ताटात ठेवला. पिशवीतून बप्पांची यादी काढली. ‘ऊसतोड कामगार : १२.’ खाली बारा नावे. त्यांनी बोट फिरवत एक एक नाव वाचले. बाराच्या बारा पुरुषांची होती.

“दादा,” त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारले, “आणि एकटा गडी असला तर?”

“अर्धा कोयता,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “पर अर्धा कोनी घेत न्हाई, ताई. गड्यानं तोडायचा, बाईनं मोळी बांधायची. बाई घरी गेली का कोयता मोडला.”

मी वही काढली आणि दुपारच्या ओळीपुढे अर्थ दुरुस्त केला. तुटत होते ते हत्यार नव्हते, जोडपे होते. मीरा कामगारांच्या यादीत नव्हतीच. ती एका कोयत्याची अर्धी बाजू होती आणि अर्ध्या बाजूला घरी जाता येत नव्हते.

“म्हणजे माझ्या गुळात चोवीस माणसं आहेत,” होनरावबाई म्हणाल्या, “आणि मी बारा जणांसाठी सही करणार होते.” मग त्यांनी आणखी एक भाकरी मागवली. त्यांचे डोळे चमकत होते. दोन महिने कागदावर जे सापडत नव्हते ते ठेच्यासोबत सापडले होते. मलाही जेवण संपेपर्यंत दम निघत नव्हता; केव्हा एकदा उजाडते असे झाले होते.

मंगळवार : गुऱ्हाळ

गुऱ्हाळ आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. चौसाळ्याच्या अलीकडे कच्च्या रस्त्याला लागलो आणि गाडीत उकळत्या रसाचा वास शिरला. पुढे चिपाडांचे डोंगर आणि त्यामागे चिमणीचा पांढरा धूर.

दत्ता बप्पा पन्नाशीचे, आवाज मोठा, खांद्यावर पंचा. “आलात! बसू नका, आधी बघा!” म्हणत त्यांनी आम्हाला थेट काहिलीपाशी नेले. लोखंडाची ती पसरट कढई एखाद्या खोलीएवढी होती. रस सोन्यासारखा उसळत होता. रस किती आटला हे ठरवणारा माणूस गुळव्या. त्याने झाऱ्यावरचा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली, आणि ती काहिलीच्या काठावर आपटली. ‘टण्’ असा आवाज आला. “उतरवा!” तो ओरडला आणि चार जणांनी दांडे घालून काहील कलती केली. उसाच्या सालीवर घेतलेला तो ऊन ऊन गूळ मी खाल्ला, जीभ भाजली, आणि पुन्हा खाल्ला. हा पदार्थ मी आजवर थंड झाल्यावरच पाहिला होता.

काहिलीखालच्या चुलाणात चिपाडे सारणाऱ्याला जाळव्या म्हणतात. त्या दिवशी ते काम बप्पांचा पुतण्या करत होता आणि वैतागलेला होता. नेहमीचा जाळव्या तापाने गावी गेला होता.

जेवायला अजून वेळ होता. होनरावबाईंनी यादी काढली.

“बप्पा, इथं बारा नावं आहेत.”

“व्हय. बारा कोयते.”

“मला माणसं हवीत.”

बप्पांनी यादीत डोकावले. “चोवीस मंग.”

“चोवीस नावं लिहू. ज्याचं नाव त्याच्यासमोर, कार्डावर आहे तसं. कार्डं मागवता?”

बप्पांनी ऊसतोड चालू असलेल्या फडाकडे माणूस धाडला आणि मुकादमाला हाक मारली. मुकादम म्हणजे ऊस तोडायला माणसे जमवून आणणारा. नामदेव त्याचे नाव. चाळिशीचा, सडसडीत, पांढरे कपडे, बोलण्यात अदब. बाईंनी पुढे मला सांगितले की त्या क्षणी त्यांना एक गोष्ट समजली : आपल्याला माल देणाऱ्यालाही कोणी तरी काही तरी देत असते, आणि हा माणूस माणसे देत होता.

“कार्डं माझ्यापशी हाईत, ताई,” नामदेव म्हणाला. “जपून ठिवलीत. पालात उंदरं हाईत. मागल्या साली तिघांची कुरतडली.”

“दाखवता?”

तो गुळाच्या कोठीतून एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीला तीन गाठी होत्या.

तोवर फडातून माणसे आली. बायकांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हात उसाच्या पाचटाने चिरलेले. मीरा लगेच ओळखू आली. मी गाठोडे दिले. तिने ते उघडले, दुपट्याचा वास घेतला आणि म्हणाली, “आईचं लुगडं.” मग एक लाडू मोडला आणि निम्मा किसनला दिला. मी सरूबाईंचा निरोप सांगितला. किसनने लाजून लाडू परत केला.

“घरी जायचंय?” होनरावबाईंनी तिला विचारले.

मीराने आधी नामदेवकडे पाहिले. मग म्हणाली, “जायाचं तर हाय.”

“कोयता मोडतो, ताई,” नामदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “उचल जोडीच्या नावानं हाय. ही गेली तर ह्येचा अर्धा कोयता मी कुठं मांडू? मी बी पंधरा वर्सं कोयता हुतो. माझं बी रेशन कार्ड मुकादमापशीच आसायचं. रीतच हाय ती.”

उचलीपायी, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांपायी, माणसाला अडवून ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. बप्पांना ते माहीत होते. ते पंचाने मान पुसत राहिले. होनरावबाईंनी कायद्याचे नाव काढले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि विचारले, “चौसाळ्यात डबे कुठं मिळतात?”

“कसले डबे?”

“उंदरांना उघडता येणार नाहीत असे.”

वीस मिनिटांत आम्ही चौसाळ्यात होतो. भांड्यांच्या दुकानातले सगळ्यांत लहान डबेही शेरभर डाळ मावेल असे होते. पलीकडे शाळेच्या सामानाचे दुकान होते. कंपास पेटीत आधार कार्ड बरोबर बसते, हे तिथे उभ्या उभ्या स्वतःचे कार्ड घालून पाहिल्यावर कळले. दुकानात एकोणीस पेट्या निघाल्या. काहींवर अंतराळयान, काहींवर हत्ती, काहींवर बॅट उगारलेला वाघ. पाच कमी पडत होत्या, म्हणून शेजारून साबणाच्या झाकणवाल्या पाच डब्या घेतल्या. दुकानदाराने विचारले, “शाळा हाय का तुमची?” बाई म्हणाल्या, “आजपुरती.” परतताना गाडी उसाच्या ट्रॉलीमागे अडकली, मग चाक चिपाडात रुतले, आणि ज्यांच्यासाठी पेट्या आणल्या होत्या त्यांच्यातल्या सहा जणांनी ती ढकलून बाहेर काढली.

जेवण बप्पांच्या घरून आले होते : धपाटे, दही, कांदा, वर काकवी. होनरावबाई पोटभर जेवल्या. बाबांचा नियम दोन वर्षे उशिरा पाळला गेला.

मग नावे. गुऱ्हाळाचे इंजिन थांबवले होते, त्यामुळे प्रत्येक नाव सगळ्यांना ऐकू जात होते. बप्पा कार्ड वाचत, माणूस पुढे येई, बाई लिहीत, आणि कार्ड थेट त्या माणसाच्या हातात जाई. बारा बायकांपैकी सात जणींना आपले कार्डावरचे नाव पहिल्यांदाच मोठ्याने वाचलेले ऐकायला मिळाले. पेट्यांवरून भांडण झाले. साबणाची डबी कोणालाच नको होती. एक म्हातारा हटूनच बसला, “मला वाघच पायजे.” त्याला वाघ मिळाला. “म्हातारा शाळंला निघाला!” त्याची बायको ओरडली. “बग, मास्तर मारतील!”

चोविसावे कार्ड मीराचे होते. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

नामदेव पिशवी उघडी धरून उभा होता. “झालं ना लिवून? आना मंग. मी ठिवतो.”

हसणे थांबले. रोज ज्याच्याकडून काम, पैसे आणि रजा घ्यायची, त्याच्या हातात ती पिशवी होती. पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच यायचे होते. पहिल्या रांगेतला एक तरुण अर्धे पाऊल पुढे आला. त्याचा हात पेटीसकट उचललेला होता.

मीराने कंपास पेटी उघडून बघितली, बंद केली. तिच्या पेटीवर हत्ती होता. तिने ती पदरात गुंडाळली आणि पदर कमरेला खोचला. “उंदीर ह्याच्यात न्हाई शिरत, नामदेवमामा,” ती म्हणाली.

म्हातारा खाकरला. “वाघाला कोन उंदीर खातंय?” त्याने पेटी बंडीच्या खिशात घातली. तरुणाचा हात खाली आला. मग एकेक पेटी कुठे कुठे दिसेनाशी झाली : खिशात, कमरेला, टॉवेलच्या घडीत.

नामदेवने बप्पांकडे पाहिले. मीही बप्पांकडे पाहत होते. त्यांनी पंचा खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकला.

“पिशवी झाकून ठिव, नामदेव,” ते म्हणाले. “लिंबं आनायला चालंल.”

“आन् ह्या अर्ध्या कोयत्याचं?”

उत्तर चुलाणाकडून आले. चिपाडे सारून काळा झालेला बप्पांचा पुतण्या ओरडला, “जाळव्याला जोडी लागती का? एकटाच लागतो! त्या किसनला हिकडं पाठवा आन् मला सोडा!”

मग बप्पा हसू लागले, पोट धरून, फोनवर हसले होते तसे. ऊस तोडायला दोघे लागतात. आगीपाशी एकच माणूस बसतो. होनरावबाईंनी यादीत किसनच्या नावापुढे ‘जाळव्या’ लिहिले आणि मीराच्या नावापुढे ‘रजेवर’. उचल किसनच्या एकट्याच्या नावाने राहील, मीराच्या जाण्याशी तिचा संबंध नाही, असे बप्पांनी तिथेच लिहून दिले. नामदेवने त्यावर सही केली. सही करायला त्याला वेळ लागला.

“तुमी पुन्याला जाल,” तो बाईंना म्हणाला. “पुढच्या साली मी टोळी कशी बांधू?”

“नावं लिहून,” बाई म्हणाल्या. “मी लिहायला येईन.”

बुधवार : परतीची वाट

मीरा आमच्याबरोबर निघाली. सामान एक पिशवी, एक गाठोडे आणि हत्तीची पेटी. किसन गाडीबरोबर फाट्यापर्यंत चालत आला, राखेने माखलेला, आणि चुलाणाकडे परत गेला.

मांजरसुंबा ओलांडल्यावर तिने काचेला नाक लावले. “ताई, हुरडा!” रस्त्याकडेच्या शेतात आगटी पेटलेली होती. होनरावबाईंनी गाडी इतक्या जोरात थांबवली की मागचा जीपवाला शिव्या देत गेला. शेतकरी जोडप्याने ओळखदेख नसताना जागा करून दिली. आगटीत भाजलेली कणसे तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, हिरवे गरम दाणे तोंडात टाकायचे. माझे तळहात लाल झाले. मीराने पिशवीतून गुळाचा खडा काढला. स्वतः तोडलेल्या उसाचा गूळ ती हंगामात पहिल्यांदाच खात होती, असे तिने सांगितले. शेतातल्या बाईने तिच्या पोटाकडे पाहून आणखी चार कणसे आगीत टाकली. “डोहाळे पुरे करा बगा हिचे, न्हाई तर लेकराचे कान फुटतेत.”

पाटोद्यात तिळाच्या शेडसमोर गाडी थांबली. सरूबाई सूप घेऊनच बाहेर आल्या. लेकीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले.

“वाळलीस की! लाडू कुनी खाल्ले?”

“मीच.”

“खोटं बोलती,” सरूबाई आम्हाला म्हणाल्या, आणि सूप खाली ठेवून तिच्या हातातली पिशवी घेतली.

प्रश्नावली आता बदलली आहे. अकरावा प्रश्न असा आहे : ‘तुमचे आधार कार्ड आत्ता कुठे आहे?’ त्याचे उत्तर मालकाने द्यायचे नाही, ज्याचे कार्ड त्याने द्यायचे. बप्पांच्या यादीत चोवीस नावे आहेत. दुकानसाखळीने अद्याप होकार कळवलेला नाही. नामदेवची दुसरी एक टोळी शेजारच्या तालुक्यात आहे. त्यांची कार्डेही परत दिली, असे त्याने फोनवर सांगितले. त्याची खात्री झालेली नाही. होनरावबाई तिथे जाणार आहेत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, तीळवाल्या शेठजींच्या फोनवरून सरूबाई बोलल्या.

“मोकळी झाली,” त्या म्हणाल्या.

मी वेळ विचारली.

“पहाटं. घड्याळ कोन बगतंय?”

मी पुन्हा विचारली. त्यांनी फोन शेजारी कोणाला तरी दिला आणि कागद वाचून दाखवायला सांगितला. ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर आईचे पूर्ण नाव आधार कार्डावर आहे तसेच आहे. वेळ पाच वाजून चाळीस मिनिटे. मुलगी. वजन दोन किलो सातशे ग्रॅम.